हरिपूरचं बंद पेव

सांगली, ३ मार्च २०२५

ती. विष्णुमामांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तुम्ही ठेवून देता, म्हणून पत्र. मी कारकून आहे त्या पतसंस्थेतून पैसे काढणं बंद झालंय. सगळ्यात मोठं कर्ज बुडालं, आणि त्याला तारण काय, तर हरिपुरात जमिनीखालच्या पेवात साठवलेली हळद. एकवीसच्या पुरानंतर ते पेव कुणी उघडलेलंच नाही. चेअरमन म्हणतात, झाकण आहे तोवर कागदावर चाळीस लाख आहेत, काढलं आणि कुजकी निघाली तर संपलंच.

जिच्याशी लग्नाचं तुमच्याशी बोललो होतो, त्या मयूरीने दुकानासाठी जमवलेले दोन लाख माझ्या शब्दावर इथे ठेवलेत. तारण बघितलंय, असं तिला छातीठोक सांगितलं होतं. बघितलं होतं फक्त झाकण. पुढच्या आठवड्यात पहार घेऊन मीच उतरतो.

रागवा, पण माया पातळ करू नका.
अवधूत

सातारा, ७ मार्च

चि. अवधूतास,
अ. उ. आ.

कॉलेज अर्ध्यात सोडलंस, जीव तरी पुरता वापर. बंद पेवातली हवा माणूस मारते. झाकण काढून दिवसभर राहू दे, मग दोरीने पेटता कंदील सोड. विझला, तर कुणी उतरायचं नाही.

बँकेच्या तपासणीत तीस वर्षं काढली. झाकून ठेवलेली किंमत वाढलेली मी पाहिली नाही. ठेवीदारांच्या सह्या घे, सगळ्यांसमोर उघडायला लाव. मयूरीला झाकणाचं खरं सांगितलंस का? हे मामी विचारते आहे, मी नाही.

डोकं थंड ठेव, पत्र गरम असलं तरी चालेल.
विष्णुमामा

सांगली, १८ मार्च

ती. मामांना,
सा. न.

सांगितलं. आधी कडाडून भांडली, पण सह्या तिनेच गोळा केल्या, एकशे बारा. मग चेअरमनना पेव उघडावंच लागलं.

पहिल्या दिवशी कंदील विझला. दुसऱ्या दिवशी जळत राहिला, तेव्हा आकाराम हमाल उतरला. वरचा थर काळा, कुजका. चेअरमन झाकण परत लावायला निघाले. मग खालची पाटी वर आली. मयूरीने त्यातलं हळकुंड उचलून मोडलं, ते खट्कन वाजलं, म्हणजे आतून कोरडं, चांगलं. व्यापाऱ्यांनी तिथेच बोली लावली. चाळीसचे चोवीस लाख झाले, म्हणजे रुपयाला साठ पैसे. तरी लोक हसत घरी गेले. मनातल्या मनात सगळे शून्यच धरून बसले होते.

बुडालेल्या चाळीस पैशांचं मयूरी म्हणते, रविवारी घरी येऊन आईला तूच सांग, आणि जेवूनच जा. तिची आई बनुबाई लय तोंडावर बोलतात. मामींना घेऊन तुम्हीही या. एकटा गेलो तर मी पुन्हा कसली तरी हमी देऊन बसेन.

वाट बघणारा भाचा,
अवधूत