आण्णांचे रिव्हॉल्व्हर विकावे की ठेवावे, याबद्दल माझे शेवटचे म्हणणे

लिहून ठेवणार : संयोगिता आण्णासो खोराटे, वय ७६, व्यवसाय निवृत्त शिक्षिका व भाषणे, राहणार राजारामपुरी अकरावी गल्ली, कोल्हापूर.

हा कागद मी माझ्या हाताने आणि माझ्या मनाने लिहीत आहे. मला कोणी दटावलेले नाही. दटावायला आजवर जे आले त्यांपैकी तिघे निवडणुकीत पडले आणि एक देवाघरी गेला. त्या शेवटच्या प्रकरणात माझा हात नाही. मला रक्तदाब आहे, साखर आहे, डाव्या कानाने कमी ऐकू येते. डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवरील शुद्धलेखनाच्या तीन चुकाही सांगितल्या. मी लग्न केलेले नाही, मला मूलबाळ नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करण्याइतकी हौस राहिलेली नाही.

कलम १. देह. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. अग्नी, पिंड, कावळा यांपैकी काहीही करू नये. माझ्यासाठी कावळ्याची वाट पाहत कोणी उन्हात उभे राहिलेले मला चालणार नाही. विद्यार्थ्यांनी गळा जपून कापावा. पंचेचाळीस वर्षे तो बिनपगारी राबला आहे.

कलम २. घर. अकराव्या गल्लीतील माझ्या दोन खोल्या आणि वरची गच्ची यात बनाबाई आकोळकर हिने हयातभर राहावे. ती माझ्याकडे सदतीस वर्षे आहे. लोक तिला माझी कामवाली म्हणतात. खरे म्हणजे या घरात मी तिच्याकडे राहते. तिच्या पश्चात घर विकून येईल ते मुलींच्या वसतिगृहाला द्यावे. बँकेत असेल ते बनाबाईच्या नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला द्यावे. खालच्या मजल्यावरील क्लासवाल्यांनी गच्ची मागितल्यास देऊ नये. त्यांच्या मुलांना पाढे येत नाहीत आणि त्यांचे फलक मात्र रस्त्यापर्यंत येतात.

कलम ३. पुस्तके. सगळी पुस्तके आमच्या गावच्या वाचनालयाला द्यावीत. अट एकच : समासात पेन्सिलीने मी लिहिलेले शेरे खोडू नयेत. काही ठिकाणी लेखकापेक्षा मी बरे लिहिले आहे.

कलम ४. शोकसभा. घ्यायचीच असेल तर प्रत्येकाने तीन मिनिटे बोलावे. १९९४ साली ज्या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी माझा माईक मध्येच बंद केला, त्यांना बोलावावे, बोलू द्यावे, आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांचा माईक बंद करावा.

कलम ५. रिव्हॉल्व्हर. एक विलायती रिव्हॉल्व्हर, काडतुसांच्या सहा घरांचे, मुठीला अक्रोडाचे लाकूड. परवाना माझ्या नावावर.

ही वस्तू आमच्या वडिलांची, आण्णांची. राधानगरीच्या अलीकडे आमचे गाव. आण्णा जंगलातील लाकडाचे ठेकेदार होते, मजुरांचा पगार घेऊन रानातून जात, म्हणून त्यांनी ती घेतली. १९७८ साली जाताना त्यांनी ती माझा धाकटा भाऊ आकाराम याला न देता मला दिली. म्हणाले, "पोरगं राग साठवतंय. पोरगी बोलून मोकळी होते. बोलणाऱ्याला चाप ओढायची पाळी येत न्हाय." आकारामने त्यावर दोन वर्षे माझ्याशी अबोला धरला.

दर निवडणुकीला मी ती पोलीस ठाण्यात जमा करत असे. ठाण्यातले हवालदार म्हणत, "म्याडम, वस्तू जमा करून घेतो. तुमची जीभ जमा करायला नियम न्हाय, न्हायतर तीबी घेतली असती." पुढे म्हणत, "लई निगुतीनं ठेवताय, चकाकतीया बघा." मी ती कधी पुसलीसुद्धा नव्हती. तरी मी हो म्हणत असे. स्तुती परत करायची मला सवय नाही.

आता वयामुळे प्रश्न उभा राहिला : विकावी की घरात ठेवावी? आकारामचा मुलगा पृथ्वीराज याचे मत ठरलेले आहे.

"आत्या, घराण्याची शान हाय ती. इकायची भाषा कशाला करतीस?"

"शान कमरेला लावून वरातीत नाचायचे आहे ना?"

"एखादा बार काढला वर, तर काय हुतंय?"

"वर काही होत नाही, बाळा. खाली येते तेव्हा होते."

माझी वकील स्नेहल ही माझी विद्यार्थिनी. तिचे म्हणणे, रीतसर दुकानदारामार्फत विकून मोकळ्या व्हा. मलाही तेच पटले. म्हणून दसरा झाल्यावर मी ती वस्तू परवानाधारक कारागीर चमन शिकलगार यांच्याकडे तपासायला नेली. त्यांच्या तीन पिढ्या हत्यारांच्या दुरुस्तीत गेल्या आहेत. त्यांनी ती उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "बाई, ह्यात भजी तळता का?"

आत खोबरेल होते. सहाही घरांत तेल मुरलेले, त्यावर हळदी-कुंकवाचा लगदा. काडतुसांतली दारू केव्हाच मेलेली. मी घरी येऊन बनाबाईला विचारले.

"तू रिव्हॉल्व्हरला तेल घालतेस?"

"व्हय. खंडेनवमीला. विळीला घालते, खलबत्त्याला घालते, शिलाईच्या मशीनला घालते. मग त्यालाच उपाशी ठेवू?"

"मी या घरात पूजा बंद केली होती ना?"

"तुमी भाषणाला गेलता की."

"किती तेल घालायचीस?"

"भोकं भरंस्तवर. सहाच तर हाईत."

कपाटाची किल्ली मी तांदळाच्या डब्यात लपवत असे, आणि तांदळाचा डबा बनाबाईच्या ताब्यात. मी बाहेर नास्तिकपणावर बोलत होते तेव्हा माझ्या कपाटात झेंडूची फुले पडत होती. मी जन्मभर दारूबंदीवर बोलले. ती पूर्णपणे अमलात आणली बनाबाईने, सहा घरांत.

इथवर हसण्याचे झाले. पण चमनभाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. सहा काडतुसे त्यांनी फडक्यावर ओळीने उभी केली, त्यातले एक उचलले आणि त्याचे बूड माझ्यापुढे धरले. "ह्या एकावर घोड्याचा ठोका हाय, बाई. कुणीतरी चाप ओढलाय." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग ते काडतूस खाली ठेवले आणि चहा सांगितला.

चाप मी ओढला होता.

जानेवारी २०११. आमच्या गावात देशी दारूचे दुकान होते, आणि त्यात आकारामची भागीदारी होती. मी तिथे बायकांच्या एकवीस सभा घेतल्या. मतदान झाले. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्या पाटावर बसून आल्या आणि बाटली आडवी करून गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आकाराम राजारामपुरीत माझ्या दारात. प्रचारात धमक्या येत होत्या, म्हणून भरलेली वस्तू कपाटातून काढून टेबलाच्या खणात ठेवली होती. तो पुष्कळ बोलला. दुकानाबद्दल बोलला ते मी ऐकून घेतले. मग म्हणाला, "तू कुणाची बायको न्हाईस, कुणाची आई न्हाईस. तुला संसारातलं काय कळतंय? माझ्या पोरांच्या ताटात माती कालवलीस."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा नव्हते. मी खण उघडला, वस्तू त्याच्या छातीवर रोखली आणि चाप ओढला. खट असा आवाज झाला, बाकी काही नाही. आम्ही दोघे उभेच. बनाबाई चहा घेऊन आली. त्याने तो उभ्यानेच प्यायला आणि गेला.

गावात जाऊन त्याने सांगितले, "आक्कानं रिव्हॉल्व्हर काढलं, पर चाप वढला न्हाय. आण्णांची लेक हाय ती." मी समजले, मी नुसती भीती घातली असे त्याला वाटते आहे. गोष्ट जिल्हाभर पसरली आणि मी ती पसरू दिली. एवढेच नव्हे, तिच्यावर भाषणे दिली. "हातात शस्त्र असताना ते न चालवणे हाच खरा पराक्रम," हे माझे वाक्य टाळ्यांचे हुकमी वाक्य झाले. एका मंडळाने मला संयमशक्ती पुरस्कार दिला : शाल, नारळ आणि काचेत बसवलेले कबुतर. मी ते कबुतर चौदा वर्षे समोरच्या फळीवर ठेवले. खोटे बोलणाऱ्या पुढाऱ्यांची मी भर चौकात सालटी काढली, आणि घरी येऊन त्या कबुतरासमोर जेवले.

स्नेहल म्हणते, "मॅडम, हे कलमात लिहू नका, खुनाचा प्रयत्न होतो." लिहिणार. हा कागद उघडेल तेव्हा पोलिसांनी मला खुशाल वैद्यकीय महाविद्यालयात येऊन अटक करावी.

म्हणून माझा निर्णय : रिव्हॉल्व्हर विकावे, आणि वरील हकीकत माझ्या मरणानंतर आकारामला वाचून दाखवावी.

कलम ६. कलम ५ मधील निर्णयात बदल. स्नेहलने वरचे शेवटचे वाक्य खोडायला सांगितले. मी खोडत नाही. माणसाचा निर्णय कसा बदलला हे दिसले पाहिजे.

कलम ५ लिहून झाल्यावर मी ते बनाबाईला वाचून दाखवले. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मेल्यावर कागदाकडनं सांगायला तुमी काय मुक्या हाय? सगळ्या जगाला तोंडावर बोलता. त्यालाच तेवढं पोस्टानं?"

एवढे मला कोणी भर सभेतही सुनावलेले नाही. मी आकारामला फोन केला. काल रविवारी तो सकाळच्या एसटीने आला, सोबत नव्या भाताचे तांदूळ. त्याचे वय आता त्र्याहत्तर, गुडघे गेलेले. तो चहा बशीत ओतत असताना मी सांगून टाकले.

"आकाराम, त्या दिवशी मी चाप ओढला होता."

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"आक्का, मी चार हातावर हुतो. खट वाजलं. मी काय भैरा हाय?"

"मग गावभर माझ्या संयमाची दवंडी कशाला पिटलीस?"

"मग काय सांगू? सख्ख्या भनीनं गोळी घातली, आनि तीबी उडाली न्हाय? माझी काय इज्जत ऱ्हाती?" मग बशी खाली ठेवून म्हणाला, "आनि खरं सांगितलं असतं तर तुला कळंब्याच्या जेलात घातलं असतं. तितं रोज भाकरी घिऊन कोण आलं असतं? मलाच यावं लागलं असतं की."

मी विचारले, हे सगळे माहीत असून तू चौदा वर्षे भाऊबीजेला येत राहिलास?

"यायचं सोडलं असतं तर तुला कळलं असतं, मला म्हाईत हाय म्हनून."

या वेळी मी खण उघडला नाही. रडले. बनाबाई म्हणाली, "बाईंचं भाषण बंद पडलं," आणि स्वतःच डोळे पुसू लागली.

वस्तूचे काय करायचे, हे मी त्यालाच विचारले. तो म्हणाला, "पृथ्याला देऊ नगो. माझा पोरगा हाय, मला ठावं हाय. त्याच्या हातात नुसतं खट वाजायचं न्हाय. आनि इकूबी नगो. चमन दोन दिवसांत नीट करून दील, आनि ते कुनाच्या तरी घरात जाईल. तिकडं बी एक भाऊ आसंल, एक आक्का आसंल. तिकडं तेल घालायला बनाबाई कुठली?"

सबब, रिव्हॉल्व्हर विकायचे नाही आणि ठेवायचेही नाही. ते सरकारजमा करून मोडून टाकावे, असा अर्ज मी आज सकाळी दिला. वस्तू व सहाही काडतुसे ठाण्यात जमा केली, पोच सोबत जोडली आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब; मी तेवढी थांबेन याची खात्री नाही, म्हणून हे कलम. मोडल्याचा दाखला मिळेपर्यंत स्नेहलने पाठपुरावा करावा. पृथ्वीराजने हरकत घेतल्यास त्याला कलम ५ मोठ्याने वाचून दाखवावे. त्याच्या बापाच्या छातीपर्यंत आले की तो गप्प होईल असे वाटते. न झाल्यास पुन्हा वाचावे.

काचेतले कबुतर मंडळाला परत पाठवावे. शोकसभेत कोणी माझ्या संयमाबद्दल बोलू लागल्यास कलम ४ मधील तीन मिनिटांची सवलत रद्द समजावी आणि त्याला खाली बसवावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी म्हणून अॅड. स्नेहल हिला नेमत आहे. वर लिहिले ते सर्व मी स्वतः लिहिले असून, खाली नावे असलेल्या दोघांच्या देखत सही करत आहे. दोघांनाही या कागदाने काही मिळत नाही. त्यांपैकी एकाला मी आयुष्यात फारसे काही दिलेलेच नाही.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

सही
संयोगिता आण्णासो खोराटे

साक्षीदार १ : चमन बाबालाल शिकलगार, कारागीर, कोल्हापूर. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : आकाराम आण्णासो खोराटे, शेती, सख्खा भाऊ. आक्काने माझ्यासमोर सही केली. कागद मी वाचलेला नाही. मला तोंडी सांगितलेले आहे.