सुशीलाबाईंची शाल

दापोडी,
रविवार

प्रिय तनुजा,

फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कंपनीतल्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर लिहिलं नाही, कारण तिथे तू जोडलेले दोन हात पाठवतेस आणि विषय मिटवतेस. म्हणून पत्र लिहिते आहे. नीट बसून वाच. मध्येच उठून गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला जाऊ नकोस.

माझा डोळा आता बरा आहे. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी वाचायचं नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं होतं. त्यामुळे तुझा लेख छापून आला तेव्हा मला वाचता आला नाही आणि त्यानंतरच्या तुझ्या खाद्यमहोत्सवालाही येता आलं नाही. माझ्या सुनेने, योगिनीने, ती पुरवणी जपून ठेवली होती. डोळा मोकळा झाल्यावर मी पहिल्यांदा काय वाचलं असेल, तर 'उद्योगनगरीतली माझी आवडती खाण्याची ठिकाणं'. त्यापेक्षा डोळ्यावरची पट्टी बरी होती.

चिंचवडच्या मिसळीवर तू अर्धा रकाना खर्च केला आहेस. लाल तर्री पाहून तुझा म्हणे जीव वेडावतो. अगं, ती तर्री तू चमच्याने काढून माझ्या वाटीत टाकायचीस आणि वर दही मागायचीस. मालक मला म्हणायचे, "या बाईंना उद्यापासून दूध-बिस्किट देत जाऊ का?" ते जाऊ दे, आठवणीत माणूस थोडा शूर होतोच. पण चाकणच्या बाजारातला कोंडीराम भजीवाला? "आजही तो कढईशी हसतमुखाने उभा असतो," असं तू लिहिलं आहेस. कोंडीराम वारला. केव्हाच वारला. आता कढईशी त्याची सून असते. माझा मुलगा नवनाथ परवा कामावरून येताना तिथे थांबला, तर ती वैतागून त्याला म्हणाली, "पेपरात काय आलंय की, रोज कुनीतरी येतंय आन इचारतंय, मामा कुठं हायेत. किती जनांना सांगू, मामा न्हाईत आता म्हनून?" रहाटणीहून चाकण काही परदेशात नाही. एकदा गाडीत बसून जायचं, भजी खायची आणि मग लिहायचं. तू सातव्या मजल्यावर बसून जुन्या आठवणी चघळल्यास आणि छापायला दिल्यास. शेवटी "जुनं दापोडी हरवलं" असाही एक हुंदका दिला आहेस. दापोडी हरवलेलं नाही. मी रोज भाजी आणायला त्यातूनच जाते. तू निघून गेलीस, एवढंच झालं.

इथवर मी नुसती चिडचिड करत होते. मग लेखात आपला गाडा आला.

"दापोडी स्टेशनबाहेर सुशीलामावशींचा गाडा होता आणि आहे. घरापासून दूर आलेल्या आम्हा दोघींना या माउलीने मायेने खाऊ घातलं. त्यांच्या हातचे मुरमुऱ्यांचे पोहे म्हणजे..." पुढचं मी वाचलंच नाही. 'सुशीलामावशी' हा शब्द पुन्हा पुन्हा वाचला. आधी वाटलं, छापणाऱ्याची चूक असेल. मग खाली नजर टाकली, तर सगळीकडे तेच. सुशीलामावशींचं हसू, सुशीलामावशींचा हात, सुशीलामावशींची माया.

तनुजा, सुशीला हे त्या बाईचं नाव नाही. ते त्या पदार्थाचं नाव आहे. मुरमुरे भिजवून, पिळून, मिरची-शेंगदाण्यांच्या फोडणीत टाकतात आणि वरून डाळव्याचं कूट घालतात, त्याला आमच्या मराठवाड्यात सुशीला म्हणतात. परभणीतलं शाळेत जाणारं पोरसुद्धा आईला "सुशीला कर" म्हणतं. गाड्याच्या पत्र्यावर लाल रंगात तो एकच शब्द लिहिला आहे, कारण तिथे तेच मिळतं. शेजारच्या गाड्यावर 'वडापाव' लिहिलं आहे. त्या माणसाला तू आजवर वडापावकाका म्हणालीस का?

मी म्हणायचे, "चल, सुशीला खायला जाऊ." तू ऐकलंस, "सुशीलाकडे खायला जाऊ." एक दिवस चुकीचं ऐकलं तर मी समजू शकते. तू गुहागरची, तुमच्याकडे तो पदार्थ नाही. तू त्याला मुरमुऱ्यांचे पोहे म्हणायचीस आणि मला वाटायचं, हा तुझा कोकणी हेका आहे. पण पहिल्या शिफ्टच्या आधी आपण किती वर्षं त्या बाकावर बसलो! भोसरीला इन्स्पेक्शनमध्ये आपण एकाच टेबलावर होतो. केसाएवढा फरक असला तरी तू तो पार्ट बाजूला काढायचीस, त्यावरून साहेबांशी भांडायचीस. साहेब म्हणायचे, "तनुजाबाई, देवाने पाठवलेला माणूससुद्धा तुम्ही रिजेक्ट कराल." लोखंडाच्या तुकड्याला तू एवढं तपासलंस. जिच्या हातचं रोज खाल्लंस, तिचं नाव एकदा विचारून घ्यावं असं तुला वाटलं नाही.

तिला मात्र तुझं सगळं माहीत होतं. तुला तिखट सोसत नाही म्हणून ती गरम कढईतून तुझ्या वाट्याच्या मिरच्या बोटांनी वेचून काढायची. "तनू माझी कोकणातली हाय, तिला खोबरं लागतंय," म्हणायची आणि तुझ्या ताटलीत वरून ओलं खोबरं घालायची. सुशीलावर खोबरं! परभणीत कुणी पाहिलं असतं तर हसून मेलं असतं. आणि तुला कळा सुरू झाल्या ती सकाळ? आपण गाड्यावरच होतो. मी तुझ्या नवऱ्याला गाठायला धावले आणि तिने स्टो विझवून, गिऱ्हाइकांना तसंच सोडून, तुला रिक्षात घातलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझी आरोही फडक्यात गुंडाळून तिच्या मांडीवर होती आणि ती मलाच ओरडली, "हळू की बाई, लेकरू झोपलंय!" बारशालाही आली होती, टोपडं शिवून घेऊन. दाराशी बसली. आरोहीचं नाव सगळ्यांनी कौतुकाने ऐकलं. तिचं नाव त्या घरात कुणी विचारलं नाही. पेढा घेऊन ती परत गाड्यावर गेली. आजही मी गेले की ती आधी विचारते, "आरोही कशी हाय? बंगळूरला नोकरी लागली म्हणं?"

आता महोत्सवातल्या त्या सत्काराचं. महोत्सवाचे दोघे जण गाड्यावर गेले आणि त्यांनी विचारलं, "सुशीलामावशींचा गाडा हाच का?" तिने ऐकलं ते एवढंच, की सुशीलाचा गाडा हाच का. म्हणाली, "हाच की. बसा, गरम देते." त्यांनी खाल्लं, बोटं चाटली, आणि शनिवारी तुमचा सत्कार आहे, या, असं सांगून निघून गेले. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. माझ्या डोळ्यावर तेव्हा पट्टी होती, पण तिचा आवाज हसत होता. "विजू, माझा सत्कार करायलेत म्हणं. माझ्या तनूनंच सांगितलं असंल. मला काय बोलायला लावतील का गं?" मी म्हटलं, काही बोलायचं नाही. नाव पुकारलं की उठायचं, वर जायचं, नमस्कार करून खाली यायचं. तिने ते दोनदा म्हणून दाखवलं. नाव पुकारलं की उठायचं.

तू ग्रुपवर टाकलेला कार्यक्रमाचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. व्यासपीठावर तू, अबोली पैठणी, छातीवर पाहुण्यांचा बिल्ला. निवेदिका पुकारते, "सुशीलामावशी!" टाळ्या होतात. कुणी येत नाही. ती पुन्हा पुकारते. मग तू माइक हातात घेतेस आणि हसून म्हणतेस, "आल्या नसतील. गाडा सोडून यायला बिचारीला कुठलं जमायला! त्यांची शाल आणि नारळ मी घेते आणि त्यांच्यापर्यंत नक्की पोचवते." बिचारी! तिने त्या दिवशी गाडा बंद ठेवला होता. नवऱ्याच्या तेराव्यानंतर ती चौथ्या दिवशी गाड्यावर उभी राहिली होती, आणि तुझ्या कार्यक्रमासाठी तिने गाडा बंद ठेवला होता.

त्यानंतर शाल तुझ्या खांद्यावर पडते आणि कॅमेरा लोकांवर फिरतो. तिथे थांबव. तिसरी रांग, खांबाच्या शेजारी. हिरवं इरकली लुगडं, केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. दिसली? ती टाळ्या वाजवते आहे. न आलेल्या त्या सुशीलाबाईसाठी ती मनापासून टाळ्या वाजवते आहे. आणि तू त्या रांगेकडे पाहिलंस, तनुजा. व्हिडिओत स्वच्छ दिसतं. तुझी नजर तिच्यावरून फिरली आणि पुढे गेली.

कार्यक्रम संपेपर्यंत ती बसून राहिली. मग बसने परत आली आणि माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "माझं नाव काय पुकारलं न्हाई त्यांनी. चुकून बोलावलं असंल. सुशीला नावाची कुणी बाई हाय, तिचा सत्कार होता. आपल्या सुशीलाचं नाव हाय बघ तिचं! बरं झालं मी मधीच उठले न्हाई. दुसरीचा मान घेतल्यासारखं झालं असतं." आणि वर तुझं कौतुक. "तनू काय छान दिसायली होती स्टेजवर. भेटावं वाटलं, पण तिच्याभोवती मोठी मोठी माणसं. कशाला उगं अवघडून टाकायचं तिला?" मला तेव्हा काहीच उमगलं नाही, कारण तुझा लेख मी वाचलेलाच नव्हता. मी तिला चहा करून दिला आणि तुझ्या लोकांना गलथान म्हटलं. गलथान कोण, ते नंतर कळलं.

आता तुझा लेख वाचून रहाटणी-वाकडकडची मंडळी मोटारी घेऊन येतात. फोन समोर धरून ओरडतात, "सुशीला, मावशी, इकडे इकडे!" ती आपली ताटली उचलून फोनसमोर धरते. त्यांना वाटतं मावशी लाजाळू आहेत. तिला वाटतं यांना सुशीलाचा फोटो हवा आहे. बाजूचा वडापाववाला हसतो. मला हसू येत नाही.

मी तिला एका वाक्यात सगळं सांगू शकते. दोनदा तोंडापर्यंत आलंही. पण सांगायचं काय? की सत्कार तुझाच होता, पण जिला तू अजून 'माझी तनू' म्हणतेस तिला तुझं नाव माहीत नाही, कधीच माहीत नव्हतं? हे मी तिला सांगणार नाही. माझ्या तोंडाने तर नाहीच.

खरं तर माझा राग मी माझ्यापाशीच ठेवला असता. या वयात भांडून मैत्रिणी कुठून आणायच्या? पण काल सकाळी गाड्यावर गेले, तर ती पदराला हात पुसत माझ्याशेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, "विजू, तू शिकलेली हायस, माझं एक काम कर. तनूला चार ओळी लिही. म्हणावं, त्या सुशीलाबाईची शाल तुझ्याकडं राहिलीय, तिला पोचती केलीस का? बिचारी वाट बघायली असंल." तिने सांगितलं म्हणून हे पत्र. चार ओळींचं एवढं झालं, ते माझं. तेव्हा शाल घेऊन ये. ड्रायव्हरच्या हाती पाठवू नकोस. सकाळी ये, बाकावर जागा नसते तेव्हा, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. आधी तिला तिचं नाव विचार. एवढ्या मोठ्या पत्रात मी ते कुठेही लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून शोधत बसू नकोस. ती सांगेल तेव्हा नीट ऐक. मग त्या नावाने तिला हाक मार. ती उठेल.

तुझीच,
विजयश्री