बुटक्याचे मागचे पाय

१४ नोव्हेंबर १९७५
बुटक्या आज जिना चढेना. खाली स्टुडिओ, वर घर, त्याचा रोजचा जिना. दुसऱ्या पायरीवर उभा राहून वर बघत राहिला. हाका मारल्या. एकदा प्रयत्न केला, मागचा पाय पायरीच्या कडेला अडकला, परत खाली. मला वाटलं, आळस. ओरडलो. कान पाडून तिथंच बसला.
सौ. म्हणाली, "उमा सासरी गेल्यापासून त्याचं मन लागत नाही. चढून तरी कुणाकडं यायचं?"
असेल.

३ डिसेंबर
सकाळी सात रस्ता चौकापर्यंत फिरवला. मागच्या पायांची नखं डांबरावर घासतात, खर्र खर्र. हा आवाज आधीही येत असणार. लक्ष दिलं नाही. परतताना वळणावर कंबर एका बाजूला गेली आणि भर रस्त्यात बसला. सायकलवाला शिव्या देऊन गेला. साखळी ओढली, उठेना. शेवटी पोटाखाली हात घालून उठवला.
दुपारी फोटोला आलेल्या एक बाई म्हणाल्या, एवढ्या थोरल्या कुत्र्याचं नाव बुटक्या कसं? सांगितलं, सगळ्या पिलांत हाच लहान होता, मुलीनं नाव ठेवलं. फ्रॉकच्या ओच्यात घालून आणला होता तिनं. पुढं असा वाढेल कुणाला ठाऊक. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "पायाला काय झालंय त्याच्या?"
परक्या माणसाला दिसतं.

१९ डिसेंबर
टांगा करून गुरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी मागचा पंजा उचलून जमिनीवर पालथा ठेवला. तसाच राहिला. पुढचा ठेवला, तो बुटक्यानं लगेच सरळ केला.
"पाय धड आहे," म्हणाले. "पण पाय कुठं आहे ते डोक्याला कळत नाहीये." पाठीच्या मज्जारज्जूचा रोग. अल्सेशियनमध्ये होतो. मागून पुढं सरकत जातो.
विचारलं, दुखतं का.
"नाही. तेवढं एक बरं."
शक्तीची इंजेक्शनं देऊ म्हणाले. पाय चोळा, फिरवत राहा. "पण थांबेल असं सांगून तुम्हाला फसवणार नाही."
घरी येऊन सौ.ला सांगितलं, वातासारखं आहे काहीतरी, बरं होईल. असं का सांगितलं, माहीत नाही.

१७ जानेवारी १९७६
गड्ड्याच्या जत्रेची गर्दी. स्टुडिओत उभं राहायला जागा नाही. नवी लुगडी, नव्या टोप्या, रडणारी पोरं. एरवी पोरांना हसवायला बुटक्या लागायचा. यंदा पडद्यामागं पडून.
केमहून, उमाच्या सासरहून, जावईबापूंचं कार्ड. उमाला दिवस गेलेत. सौ.नं देवापुढं साखर ठेवली, मग माझ्या हातावर. कार्डाच्या खाली उमाची एक ओळ, बुटक्या कसा आहे?
सौ. म्हणाली, "आत्ता काही कळवू नका. पहिलटकरीण आहे."
मलाही पटलं. मजेत आहे, असं लिहिलं.

२४ जानेवारी
सौ.चा भाऊ गुरप्पा जत्रेला आलाय, अजून आहे. बुटक्याला चालताना बघून म्हणाला, "दाजी, बैलाची कंबर गेली तर आमी काय दवाखान्यात बसत न्हाय. डाग द्यायचा. लई जनावरं उठल्यात की."
नको म्हणालो. संध्याकाळी परत तोच विषय. इंजेक्शनांनी काडीचा फरक नाही, हे खरं आहे. करून बघायला काय...

२८ जानेवारी
लिहायचं नव्हतं.
गावाबाहेर एक म्हातारा डाग देतो. बुटक्याचं तोंड फडक्यानं बांधलं, डोकं मी मांडीवर धरलं. तापलेली सळई कमरेवर लावली तेव्हा सगळं अंग उसळलं. डोळे वळवून माझ्याकडं बघितलं. चिडून नाही. मी धरलंय म्हणजे ठीकच असणार, असं बघितलं.
मग मागच्या पायावर. तिथं काहीच नाही. कातडीचा वास सुटला आणि हा शांत.
म्हातारा सळई बाजूला ठेवून म्हणाला, "ह्याला कळंना झालंय. न्या घरी."
डॉक्टरांनी नुसता पंजा पालथा ठेवून दाखवलं होतं. मला ते सळईनं बघावं लागलं.

३० जानेवारी
सौ. इतक्या वर्षांत बुटक्याला शिवलेली नाही. तिची पूजा, तिचं स्वयंपाकघर. उंबऱ्याच्या अलीकडं तो, पलीकडं ती, भाकरी लांबून टाकायची. आज जिन्याखाली बसून त्याच्या जखमांना खोबरेल लावत होती. मला बघून उठली नाही.
"वात म्हणाला होतात ना?"
डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं.
"मला विचारायचं होतंत," एवढंच म्हणाली.

२२ फेब्रुवारी
जावईबापू पंपाचं सामान न्यायला आले होते. मल्लिनाथ गुणी मुलगा. आल्या आल्या बुटक्यापाशी उकिडवे बसले. त्याच्या पाठीवरचा डाग बोटानं चाचपला.
"मामा, ह्ये कदीपासनं?"
"दिवाळीपासून."
"उमाला न्हाय म्हाईत?"
म्हटलं, नाही. तुम्हीही सांगू नका, जिवाला लावून घेईल.
"ती रोज ह्याचा इषय काढती. मी खोटं बोलू व्हय?"
"खोटं नको. बोलूच नका."
मान हलवली. जेवायला थांबले नाहीत, गाडीची वेळ झाली म्हणाले. गाडीला वेळ होता.

१९ मार्च
मागचे पंजे घासून रक्त येतं. स्टुडिओतला बागेचं चित्र असलेला जुना पडदा फाटला होता. त्याचं कॅनव्हास कापून सौ.नं चार पिशव्या शिवल्या, वर नाडी. दोन पायांत, दोन धुवायला. फिरताना पोटाखालून टॉवेल घालून मी मागची बाजू उचलून धरतो, पुढचे पाय तो टाकतो. पुढून अजून जोर आहे, मलाच ओढतो. बोळातले लोक बघतात. एकजण म्हणाला, "हे हाल बघवत नाहीत हो, काय ते करून टाका." हाल कुणाचे, विचारणार होतो.
पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. शेपूट आता हलत नाही. त्यामुळं त्याला आवडलं की नाही हे कळायची सोय राहिली नाही. कान बघतो.

२ मे
ऊन मरणाचं. ओलं पोतं अंथरून जिन्याखाली निजवतो. लघवी-शी कळत नाही आता. घाण झाली की तो स्वतःच तोंड फिरवून घेतो. त्याला लाज वाटते असं सौ. म्हणते. ती धुते, मी उचलतो. दोघं बोलत नाही फारसं, पण काम जमतं.
डॉक्टर परवा बघून गेले. म्हणाले, पुढचे पाय आहेत तोवर ठीक. पुढं कधी वाटलं तर एक इंजेक्शन असतं, झोपेत जातो. ते मी घरी येऊन देईन.
उमा या महिन्याअखेर बाळंतपणाला येणार. आज तरी कळवावं. पोस्टापर्यंत गेलो. काय लिहिणार. मजेत आहे असं महिनोन्महिने लिहिलं, आता कुठल्या तोंडानं...
परत आलो.

२६ मे
उमा आली. पॅसेंजर उशिरा. बरोबर मल्लिनाथ. चेहरा भरलाय पोरीचा, आईसारखी दिसायला लागलीय. टांग्यात बसताच म्हणाली, "त्याला का नाही आणला स्टेशनवर?"
मी म्हटलं, ऊन आहे. मल्लिनाथ रस्त्याकडं बघत होते. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. मग घर येईपर्यंत काही विचारलं नाही.
दारात तिचा आवाज ऐकला आणि बुटक्या जिन्याखालून निघाला. पुढच्या दोन पायांवर, मागचं सगळं अंग फरशीवरून ओढत. एका पायातली पिशवी वाटेत निघाली. उमा होती तिथंच खाली बसली, सातव्या महिन्याचं पोट घेऊन. त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. रडली नाही. पाठीवरून हात फिरवत डागापाशी आली आणि थांबली.
"हे कुणी केलं?"
मी म्हटलं, मी.

२७ मे
सकाळी बोलली. आवाज न चढवता.
"अप्पा, मला काय सोसतं, काय नाही, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत. मला कुणी विचारलं?"
सौ. मधे पडली, म्हणाली मीच सांगितलं होतं कळवू नका म्हणून.
"तू भीतीनं म्हणालीस. अप्पांनी दर पत्रात लिहिलं, मजेत आहे. मी तिकडं शेतात कुत्रं पळताना बघितलं की म्हणायची, आमचा बुटक्या ह्याच्याहून जोरात पळतो. सासूबाईंना सांगायची. घरातली सगळी ऐकून घ्यायची. ह्यांना माहीत होतं." हे मल्लिनाथकडं बघून. "ऐकत होतात ना तुम्ही?"
मल्लिनाथ म्हणाले, "चुकलं माझं."
मी तेवढंही बोललो नाही.
दुपारच्या गाडीनं ते परत गेले. ती खाली पोचवायला आली नाही.

८ जून
उमा माझ्याशी कामापुरतं बोलते. टॉवेल द्या. पाणी तापलं का. बुटक्याचं सगळं तिनं हातात घेतलंय. उचलू देत नाही आम्ही, तेवढं मात्र माझ्याकडं. दिवसातून कितीदा ते डोकं तिच्या मांडीवर, पोट माझ्या हातावर. मी इतका जवळ बसतो आणि ती माझ्याकडं बघत नाही.
तो खुशीत आहे. हे लिहायला हवं. कान ताठ, भाकरी चघळून खातो. ती आधीच आली असती तर निदान चालत...

२४ जून
आज कॅमेरा घेऊन खाली आलो. उजेड चांगला होता, ती दोघं दाराशी. म्हटलं, एक काढतो.
"असा नको," म्हणाली.
संध्याकाळी जुन्या निगेटिव्ह काढून बसलो. लोकांच्या बारशांत, लग्नांत, शाळेच्या फोटोंत कुठं कुठं त्याचं शेपूट, अर्धा कान. त्याचा एकट्याचा, उभा असलेला, एकही नाही. सगळ्या शहराचे फोटो काढतो मी. उमाला हे सांगितलं. सांगायला नको होतं. पहिल्यांदाच तिचे डोळे भरले.
नंतर म्हणाली, "कमरेवर डाग दिला तेव्हा ओरडला का?"
हो म्हटलं. तोंड बांधलं होतं, पण हो.
"आणि पायाला?"
नाही.
बराच वेळ त्याच्या पायावरून हात फिरवत बसली. "हे तुम्ही एकट्यानंच बघितलंत," म्हणाली. रागानं की कसं, कळलं नाही. विचारलं नाही.

११ जुलै
पुढचा उजवा पाय थरथरतो. काल पाण्याच्या ताटलीपर्यंत मान गेली नाही, तोंडावर आपटला. आज तसंच. उमानं ताटली उचलून तोंडाशी धरली. पाणी थोडं गेलं, थोडं सांडलं.
तिचेही दिवस भरत आले. वाकवत नाही. तरी बसते. सौ. ओरडते, ती ऐकत नाही.
रात्री जेवताना स्वतःच म्हणाली, "डॉक्टरांना बोलवा अप्पा."
सौ.चा हात थांबला. मी हो म्हटलं.

१५ जुलै
डॉक्टर दुपारी आले. स्टुडिओ बंद ठेवला. बुटक्याला सौ.नं सकाळीच धुऊन पुसून घेतलं होतं, कोरड्या गोधडीवर. ती गोधडी तिच्या माहेरची. डॉक्टरांनी बॅग उघडली. औषध भरलं. उमानं डोकं मांडीवर घेतलं, सौ. तिच्या पाठीमागं उभी. मी पाय धरायला बसलो. आधी कशासाठी धरलं होतं ते आठवून हात मागं घेतला. मग परत ठेवला.
डॉक्टर म्हणाले, काही खायला देणार असाल तर द्या.
उमानं दुधात भाकरी कुस्करली. खाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बुटक्यानं सगळी खाल्ली, आणि तिची बोटं चाटून साफ केली. कान ताठ. मग डॉक्टरांच्या बॅगेकडं मान करून हुंगायला लागला.
उमानं त्याचं डोकं परत जवळ घेतलं.
"आज नको," उमा म्हणाली.
डॉक्टर थांबले. सौ. म्हणाली, "इरलि बिडु." मग डॉक्टरांना कानडी कळणार नाही म्हणून मराठीत, "राहू दे आज."
त्यांनी सगळं परत भरलं. मी पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेलो. सायकलचं हँडल धरून ते म्हणाले, "पुढचे पाय गेले की श्वासावर येईल. फार लांबवू नका. तुमचं स्वतःचं काय मत आहे?"
मत आहे. मे महिन्यापासून आहे, सोडवावा त्याला.
म्हटलं, "तिला विचारा. ती सांगेल तेव्हा."
ते गेले. हे शहाणपणानं म्हटलं की भिऊन, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घरी आलो तर उमानं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? आणि मी तिला सगळं सांगितलं, श्वासाचंही. ती ऐकत होती. बुटक्या झोपला होता.