आर्लनला रडवायचंय

रविवार, १० फेब्रुवारी. सकाळी ११.
आर्लन मार्चअखेर ॲरिझोनाला चालला. कायमचा. गुडघ्यांना विस्कॉन्सिनची थंडी सोसवत नाही म्हणे. अकरा वर्षं दर रविवारी माझ्या तळघरात फासे टाकणारा माणूस, आणि शेवटी ऐकतो कुणाचं, तर गुडघ्यांचं! मला वाईटबिईट काही वाटलेलं नाही. आमच्या खेळात गोष्ट मी सांगतो; आर्लन, ग्रेचेन आणि डेल फासे टाकत तिच्यातली पात्रं होतात. आर्लन म्हणजे म्हातारा सरदार ब्रॅम. त्या ब्रॅमला असं मरण द्यायचं की आर्लन रडला पाहिजे. तो बायकोच्या अंत्यविधीलाही रडला नव्हता. माझ्या गोष्टीत उणीव आहे ती फक्त संगीताची. स्पीकर आणला.

रविवार, १७. सायं. ६.
संगीत यशस्वी. खानावळीला बासरी, लढाईला ढोल. किरकोळ अडचण: दरोडेखोर दिसायच्या आधीच ढोल वाजले. तिघांनी तलवारी उपसल्या. ग्रेचेन (एरवी शाळेत गणित शिकवते, इथे चोर) म्हणाली, लॉयड, तुझे दरोडेखोर बँड घेऊन फिरतात का रे?

रविवार, २४.
उपाय सापडला. धोका नसतानाच भीतिदायक संगीत लावायचं, म्हणजे अंदाज येत नाही. आज बेकरीत लावलं. बेकरीवाल्याची दोन तास उलटतपासणी झाली. त्याचा पाव कुत्र्याला घातला. कुत्रा ठणठणीत. मग कुत्र्यावर संशय. हसता हसता आर्लनला चीजचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, पण हे धरता येणार नाही.

बुधवार, ६ मार्च.
निरोपासाठी चेलोच्या, म्हणजे त्या थोरल्या व्हायोलिनच्या, एक्केचाळीस सुरावटी ऐकल्या. बायको म्हणाली, त्याला सरळ सांग ना, तुझी आठवण येईल म्हणून. नोरीनला खेळातलं काही कळत नाही.

रविवार, १७.
रंगीत तालीम. योग्य गाणं फोनवर शोधत होतो, तेवढ्यात डेल दोनदा मेला. मला नंतर कळलं. आर्लन काहीतरी बोलायला जवळ आला होता. ऐकू आलं नाही, आवाज वाढवला होता. ठराव: शेवटच्या रविवारी फोनला हात नाही. सगळं क्रमाने लावून ठेवणार.

रविवार, २४. सायं. ५.
ब्रॅम पुलावर कोसळला आणि नेमका स्पीकर बंद. म्हटलं, थांबा, कुणी मरायचं नाही. वायर शोधायला वर गेलो. पंचवीस मिनिटं. नोरीनच्या शिलाईच्या खणात सापडली.

खाली आलो तर पुलावरचा प्रसंग संपला होता. ग्रेचेनने ब्रॅमचं डोकं मांडीवर घेतलं होतं म्हणे. ब्रॅम एकेकाशी बोलला. डेल नाक शिंकरत होता. आर्लनचे डोळे लालबुंद. म्हणाला, तुझी वाट बघितली रे, पण म्हाताऱ्याला दम निघेना. मी म्हटलं, पुन्हा करू, आता वायर आहे. तो म्हणाला, ब्रॅम मेलाय, लॉयड. पडू दे त्याला आता.

एकंदरीत परिणाम साधला. श्रेय कुणाचं, यात मी पडत नाही.

रविवार, ३१. दु. ३.
आर्लनचा ट्रक सकाळीच गेला. मी स्पीकरच्या कामात होतो, हात हलवायला जमलं नाही. आत्ता सवयीने तळघरात आलो. खुर्च्या मांडल्या. चेलो लावला. चार मिनिटं बारा सेकंद. निवड अचूक होती, शंकाच नाही. मी ढसाढसा रडलो.

नोरीनने वरून विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, आवाज तपासतोय.