रिठदपर्यंतची ट्रायथलॉन

१२ एप्रिल
विकासचा फोन. तोच विषय. आई, रिसोडला एकटी कशी राहशील, पुण्याला ये. हे गेल्यापासून मुलगा मला म्हातारी समजायला लागला आहे. म्हातारी शेजारची ललिताबाई. वयाने माझ्याहून लहान असली तरी.
मे महिन्यात तलावावर ट्रायथलॉन आहे. पोहणे, सायकल, पळणे. विकासला सांगून टाकलं: ही शर्यत पुरी केली तर पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही केली तर बॅग भरून येते, मग घराचं काय करायचं ते कर. त्याने घाईघाईने फोन ठेवला. घाबरला असणार.
उद्यापासून पहाटे उठायचं.

१३ एप्रिल, सकाळी नऊ
उठले नाही. वाचनालयातून आणलेल्या व्यायामाच्या पुस्तकात विश्रांतीवर अख्खं प्रकरण आहे. सातवीत माझी शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. जे करायचं ते वाचून करावं.

२१ एप्रिल
यांची सायकल काढली. तेल घातलं. स्टँडवर उभी करून पेडल मारले. रस्त्यावर नेली नाही, रस्ते माझ्या ओळखीचे आहेत. सीट यांच्या उंचीची. दुकानवाला म्हणाला, खाली करून देतो. नको म्हटलं. उंच सीटने पायात ताकद येते.

२ मे
नाव नोंदवलं. शर्यत भरवणारा पारस, कापडवाल्या कांतीलालशेठचा मुलगा. त्याने जिम उघडली आहे आणि स्वतः जिना चढला की धापा टाकतो. मला म्हणाला, काकू, महिलांसाठी चालण्याची स्पर्धा आहे, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळतो. त्याला म्हटलं, तुझ्या वडिलांना पोहता येत नव्हतं तेव्हापासून मी विहिरीत उड्या मारते. त्यांना अजूनही येत नाही, ते सोडा.
पळण्याचा रस्ता रिठद गावातून जातो. तिथे माझी नणंद गोजराबाई. यांच्या तेरवीनंतर तिच्या दारी गेले नाही. गेलं की ती गळ्यात पडणार, मग आपल्यालाही रडावं लागतं. मला रडण्याची सवय नाही. तेरवीलाही मी पंगतीचंच पाहत होते. रिठदमधून मान खाली घालून जोरात निघायचं.

११ मे
ऊन फार. सराव बंद, ताकद साठवते आहे. ललिताबाई म्हणाली, या वयात हे शोभते काय. दिवसभर मालिका पाहणंही शोभत नाही, असं मी बोलले. तेव्हापासून तिच्याकडून कढीपत्ता बंद.

१७ मे, संध्याकाळ
झालं ते जसंच्या तसं लिहिते.
सहाची शर्यत नऊला सुरू झाली. पाहुणे उशिरा आले आणि आरोग्यावर बोलले. तोवर अर्धे लोक उन्हाने खाली बसले होते.
तलावात पाणी कमरेइतकं. अकोल्याची, पोहण्याचे चष्मे लावलेली पोरं आडवी पडून गाळात हात मारत होती. मी उभी राहिले आणि चालत पलीकडे गेले. पोहण्यात माझा क्रमांक चांगला.
सायकल उतारावर चालवली, चढावर ढकलली. उंच सीटवरून थांबता येत नाही, हा फायदाच. एकदा बाभळीने थांबवलं.
मग पळणं. ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा बांधलेला, अंगात यांचा पांढरा शर्ट, डोक्यावरचा रुमाल कुठे उडाला कळलं नाही. रिठदच्या लोकांनी पाहिलं ते एवढंच: भर उन्हात, उघड्या डोक्याने, एकटी बाई पळत येऊन राह्यली. आपल्याकडे बाई अशी पळते ती कुणी गेल्यावरच. छातीवरचा नंबर एकानेही वाचला नाही. कुणीतरी पुढे जाऊन वर्दी दिली. मी पोहोचले तेव्हा गोजराबाईच्या ओट्यावर बाया जमून रडणं सुरूही झालं होतं. दम लागल्याने माझ्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून नुसता हात हलवला. त्यांनी समजून घेतलं की सगळं संपलं.
गोजराबाई गळ्यात पडली. म्हणाली, "वयनी, माहा भाऊ गेला तवा तू रडली नाही. आता कोन गेलं व?"
गळ्यात पडलेल्या बाईला ढकलून पळणं बरं दिसत नाही. शिष्टाचार म्हणून थोडं रडले. शिष्टाचार लांबला. तोंड धुतलं, पन्हं प्याले, पुन्हा थोडा शिष्टाचार झाला. पारस मोटारसायकलवर शोधत आला, वेळ संपली म्हणाला. गोजराबाईने त्याला दटावलं, माणूस रडून राह्यलं अन तुले वेळ सुचते. तो ओट्यावर बसला. त्यालाही पन्हं मिळालं.
शर्यत अपुरी. ताकद शिल्लक होती, हे नोंदवून ठेवते.

१८ मे
शब्द म्हणजे शब्द. बॅग भरली. देवघरातला यांचा फोटो साड्यांच्या मधे ठेवला. विकासला फोन करून सांगितलं, हरले, येते.
तो म्हणाला, "अगं आई, तुला तिथंच करमतं ना? मी आपलं विचारलं होतं."
सध्या सून रेणूच्या माहेरची माणसं आली आहेत, दिवाळीनंतर पाहू म्हणाला. समजूतदार मुलगा. आईचा घरावरचा जीव ओळखतो.
बॅग रिकामी केली. ललिताबाई कढीपत्ता घेऊन आली, काय ठरलं विचारत होती. तिला सांगितलं, मुलगा लय आग्रह करून राह्यला, मीच नाही म्हटलं.