या पत्त्यावर कोणी सबनीस नाहीत

२२ फेब्रुवारी २००३, शनि.

पोस्ट: सुपरमार्केटची कूपनं, रेडिंगच्या कंपनीचा नकार (दोन ओळी, 'शुभेच्छा' धरून), आणि कुणा 'मिस एम. सबिन्स'च्या नावाने गॅस-विजेच्या कंपनीचं जाड पाकीट. आमच्या आधी या घरात डॉसन राहायचे. मग ही सबिन्स कोण? पाकिटावर 'नॉट नोन ॲट धिस ॲड्रेस' लिहून कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आलो. नलिनी मेथी निवडत बघत होती. म्हणाली, "उघडून तरी बघायचं." म्हटलं, दुसऱ्याची पत्रं उघडायची नसतात इथे.

नोकरी गेल्यापासून दारातली पोस्ट उचलणं हेच काम उरलं आहे. ते तरी नीट करतो.

१ मार्च, शनि.

पुन्हा सबिन्सबाईंचं पाकीट. पुन्हा परत. या वेळी मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. न. दोन दिवस जरा घुम्यासारखी आहे. विचारलं तर म्हणे काही नाही.

५ मार्च

विजेच्या आमच्या कंपनीचं पत्र: तुम्ही आम्हाला सोडून जाताय याचं वाईट वाटतं, हे तुमचं शेवटचं बिल. कुठे जातोय मी? खुर्चीतून हललेलो नाही. फोन केला. म्हणे तुम्ही दुसरी कंपनी घेतलीत, त्यांना विचारा. दुसरीला फोन. संगीत, मग आणखी संगीत, शेवटी एक मुलगी. पत्ता जुळला, मीटरचा नंबर जुळला, माझं नाव काही जुळेना. "आय कॅन ओन्ली स्पीक टु द अकाउंट होल्डर, सर." म्हटलं, घराचा होल्डर मीच आहे, सगळे कागद माझ्या नावाने आहेत. तर म्हणाली, "इज मंदाकिनी देअर?"

सबिन्स नव्हे, सबनीस. माझ्या सासऱ्यांचं आडनाव. आणि मंदाकिनी म्हणजे आमची नलिनीच, लग्नाआधीची. ताटातल्या तांदळांत अंगठीने 'नलिनी' लिहिलं ते मी. छान नाव आहे, तेव्हाही सगळे म्हणाले होते. सासरे गेल्यापासून दुसरं नाव कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. आज ऐकलं, ते कॉल सेंटरमधल्या पोरीकडून.

रिसीव्हर ठेवला. न. दारात उभी होती.

६ मार्च

सगळं सांगितलं तिने. संक्रांतीला मी जॉब सेंटरला गेलो होतो तेव्हा एक गृहस्थ आला. साठीचा, कोट भिजलेला, गळ्यात ओळखपत्र. वीज-गॅस स्वस्त देतो म्हणाला. हिने सांगितलं, नको. पण "सणाच्या दिवशी दारातून तसंच कसं पाठवायचं?" म्हणून आत घेतलं, तिळगूळ दिला, चहा दिला. निघताना त्याने कागद पुढे केला. मी येऊन गेलो एवढंच, साहेबाला दाखवायला सही हवी, म्हणाला.

"मग आपल्या वैद्य नावाने का नाही केलीस?"

"वैद्य लिहिलं असतं तर खरं झालं असतं. कशावर सही करायची नाही असं तुम्हीच सांगता ना? म्हणून माहेरचं लिहिलं. म्हटलं, त्या नावाचं इथे कोणी नाहीच. काय होणार आहे?"

मी चिडलो. पाकिटं आली तेव्हा तरी बोलायचंस. तर म्हणते, "अशी कोणी राहत नाही म्हणून तुम्ही इतकं ठणकावून लिहीत होतात. मला वाटलं, तेवढ्यावर मिटेल."

तो माणूस बसला कुठे होता, विचारलं. माझ्याच खुर्चीत. किती लाडू खाल्ले? तीन. मला त्या दिवशी दोन मिळाले होते, साखर वाढली आहे म्हणून.

८ मार्च, शनि.

मला कंपनी दारात उभं करत नाही, तेव्हा फोन न.नेच करायला हवा. इतकी वर्षं रिंग वाजली की उचलून माझ्या हातात देते. मी सगळं इंग्रजीत लिहून दिलं: संमती नव्हती, फसवून सही घेतली, पूर्ववत करा, लेखी माफी मागा. शेजारी उभा राहिलो.

तिने माझा कागद चहाच्या कपाखाली ठेवला आणि आपल्या मनाने बोलत सुटली. पाऊस, संक्रांत, तीळ इंग्रजीत काय म्हणतात ते. पलीकडे तक्रार विभागाचा ग्रॅहम नावाचा कोणी. दोनदा हसली. कागदावर कपाचा डाग पडला.

"काय म्हणाला?"

"माझ्यावर विश्वास आहे म्हणाला. मंगळवारी फोन करतो म्हणाला."

म्हटलं, कंपन्या स्वतःहून फोन करत नसतात.

"हा करणार आहे."

११ मार्च, मंगळ.

केला. मी उचलला. जाड स्कॉटिश आवाज, सावकाश बोलणारा. "कुड आय स्पीक टु मंदाकिनी, प्लीज?" 'द'चा उच्चारसुद्धा बरोबर. कोणी शिकवला याला? ऑफिसात एवढी वर्षं घातली तिथे 'श्रीकांत'चं शेवटपर्यंत 'स्री' केलं लोकांनी.

मी म्हटलं, मी तिचा नवरा, मलाच सांगा. तर अतिशय नम्रपणे म्हणाला, तिने परवानगी दिली तर अवश्य. माझ्या घरात, मी भरलेल्या लाइन रेंटलवर, परवानगी. न.ला विचारलं. ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "द्या इकडे, मीच बोलते."

१६ मार्च, रवि.

लेकीचा, इराचा फोन, एडिनबरातून. आईने तिला सगळं आधीच सांगितलेलं. मी म्हटलं, तुमच्या स्कॉटलंडातले लोक कामाच्या वेळी परक्या बायकांशी कोथिंबिरीच्या गप्पा मारतात का? (त्याच्या ग्रीनहाउसमध्ये कोथिंबीर उगवत नव्हती. हिने सांगितलं, धणे आधी रगडून दोन फाका करा.) इरा हसत सुटली.

"बाबा, तू जेलस आहे."

"मूर्खासारखं बोलू नकोस."

"आईची आवाज किती हॅपी वाटते हल्ली. तुला प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम काय आहे. फोन ठेवल्यावर तिला सांगण्यासारखी बरीच उत्तरं सुचली. बायको फोनवर हसते ही काही तक्रार होत नाही, मान्य. पण माझ्याशी बोलताना इतकी कधी हसली होती ते आठवायला लागलो आणि आठवेना. मला मत्सर वाटतो आहे. न पाहिलेल्या माणसाचा, ज्याला माझ्या बिलाशिवाय आमच्याशी काही देणंघेणं नाही. लिहून टाकलं, आता बघू कमी होतो का.

१८ मार्च, मंगळ.

कमी झाला नाही. फोन यायच्या वेळेला मी वर बेडरूममध्ये होतो. वरचा रिसीव्हर उचलला. उचलायला नको होता, पण उचलला.

कागद सापडला म्हणे, खालची सही तपासताहेत. मग तो म्हणाला, "अँड हाउज द गार्डन, मंदा?" मंदा. 'मंदाकिनी'वरून हा 'मंदा'वर कधी आला? तिची आई म्हणायची मंदा. धाकटी मावशी म्हणायची. मी कधीच नाही. ती 'अहो' म्हणते, मी 'अगं' म्हणतो, त्यावर आमचं सगळं भागलं.

मग ती म्हणाली, इथे या नावाने मला कोणीच ओळखत नाही, तुझ्या कंपनीशिवाय. इंग्रजी स्वच्छ होतं, कुठे अडखळली नाही. तो म्हणाला, वाईट आहे हे, इतकं चांगलं नाव.

जेवताना म्हणाली, "वरचा फोन नीट ठेवत जा. खट्कन वाजतो." मी आमटी वाढून घेतली.

२५ मार्च

जिंकलो. सही फसवून घेतली हे नव्या कंपनीने मान्य केलं, त्यांची बिलं रद्द, वीज आणि गॅस दोन्ही जुन्या कंपनीकडे परत. लेखी माफी येणार. मला हवं होतं ते सगळं. शेजारच्या टॉमला कुंपणावरूनच सांगितलं. तो म्हणाला त्याच्या बहिणीचं असंच झालं, वर्षभर भांडते आहे.

आत आलो तर न. ओट्याशी नुसतीच उभी. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, गॅस बंद करायचं भान नव्हतं.

"काय झालं? सुटलं ना सगळं?"

"हो. त्यांनी ते खातं पुसून टाकलं. ग्रॅहम म्हणाला, आता माझा फोन येणार नाही."

मला आधी बरं वाटलं. मग तिच्याकडे बघून बरं वाटेना, आणि तरीही आत कुठेतरी बरं वाटतच होतं.

३० मार्च, रवि.

घड्याळं पुढे केली. आमच्या खिडकीतल्या कुंडीत कोथिंबीर अजून वर आलेली नाही. त्याची आली होती, शेवटच्या फोनवर त्याने मुद्दाम सांगितलं म्हणे. धणे मी रगडले होते. न. म्हणते फार रगडले.

माफीचं पत्र काल आलं. 'डिअर मिस सबनीस'. आता स्पेलिंग बरोबर. मी फाइलला लावायला मागितलं. "माझ्याकडे ठेवते" म्हणाली. कुठे ठेवलं ते सांगितलं नाही. मीही शोधलं नाही. एकदाच बघितलं, साड्यांच्या कपाटात.

२ एप्रिल, पाडवा

गुढी मागच्या बागेत, कपडे वाळवायच्या खांबाला. मी काठी धरून उभा, न. आत. सकाळपासून मनात होतं. हाक मारली, "मंदा, तांब्या दे गं."

आली. तांब्या दिला. काठीवर उपडा घालून होईपर्यंत थांबली. मग म्हणाली, "ते तुम्ही नका म्हणू."

"का? त्या ग्रॅहमने म्हटलेलं चालतं."

"तो माझा कोण आहे? आला, बोलला, गेला. तुम्ही म्हणायला लागलात की तेही या घरातलं होईल. नलिनी तुम्ही ठेवलंत, ते आवडतं मला. हे एवढं माझं राहू द्या."

मला राग यायला हवा होता. आलं ते वेगळंच काहीतरी. म्हणजे परक्याला मोकळीक आहे आणि मला नाही, आणि त्याचं कारण मी परका नाही हे. यावर भांडायचं तरी कुठून सुरू करायचं. वारा होता, गुढी दोनदा कलली, दोघांनी मिळून पुन्हा बांधली. श्रीखंड चांगलं झालं होतं.

७ एप्रिल

स्लाउच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू. बरा झाला. रिसेप्शनवरच्या बाईने नाव विचारलं. सांगितलं. तिने 'स्री' लिहिलं. दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि म्हटलं जाऊ दे. परत येताना गाडीत वाटलं, मी फोन उचलला तेव्हा ग्रॅहमने मला माझं नाव विचारलंच नव्हतं.

१२ एप्रिल, शनि.

जुन्या कंपनीला फोन. परत आलात, आनंद आहे वगैरे. तेच संगीत. बाई आवाजाने प्रेमळ. खातं नव्याने उघडायचं तर पुन्हा असा घोटाळा नको म्हणून दोघांची नावं घालायचं सुचवलं, म्हणजे कोणीही फोन करू शकेल. मी माझं सांगितलं. वैद्य, श्रीकांत, एकेक अक्षर करून.

"अँड युअर वाइफ्स नेम, सर?"

न. समोर टेबलाशी शेंगा सोलत होती. वर बघितलं नाही. पण सोलणं थांबलं.

सांगायला सोपं होतं. सगळ्या कागदांवर जे आहे ते. पासपोर्टवर, घराच्या कागदांवर, जीपी डॉक्टरकडे. इतक्या वर्षांत मीच सांगत आलो, तिला कोणी विचारलंच नाही. बाई म्हणाली, "सर? आर यू स्टिल देअर?"

म्हटलं, एक मिनिट, ती इथेच आहे, तिलाच देतो. रिसीव्हर पुढे केला. न.ने हात पुसले, घेतला, आणि माझ्याकडे बघत राहिली. मी जाईपर्यंत बोलणार नव्हती. मग मी कचऱ्याचा बिन बाहेर काढायला गेलो. बिनचा दिवस सोमवार.

खिडकीतून दिसत होती. भिंतीला टेकून, दुसऱ्या हातात एक शेंग. काहीतरी सांगितलं, मग अक्षरं सांगितली असावीत, ओठ सावकाश हलत होते. मग हसली. बाईच होती पलीकडे, तरी मला टोचलं.

आत आलो तेव्हा फोन ठेवलेला होता. "झालं," म्हणाली, "दोघांच्या नावाने आहे आता." आणि शेंगा सोलायला लागली.

विचारलं तर सांगेल. विचारलं नाही. पहिलं बिल जुलैत येईल, पाकिटावर दोन्ही नावं असतील. तोवर दारातली पोस्ट रोज मीच उचलायची असं ठरवलं आहे. हल्ली न.ही सकाळी माझ्या आधी खाली असते.