शेजारच्या सीटवरची मावशी

आई, परवा रविवारी चर्चच्या उपासनेत मी उभा राहिलो आणि साक्ष दिली. जिची वाट बघत तू गेलीस, तीच. तुझा नियम सरळ होता: मंडळीने ज्यासाठी प्रार्थना केली ते मिळालं, की सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. आणि मी म्हणायचो, बरा झाल्यावर सांगतो.

नव्वदच्या दशकातले दिवस. वारणानगरला शिक्षकाची नोकरी लागलेली, आणि मी रोज सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उभा राहून बस सोडतोय. पायरीवर पाय ठेवला की छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, वाटायचं, आता मेलोच. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं, तेव्हा तर जास्तच लाज वाटली. शाळेने बजावलं होतं, आणखी खाडे झाले तर नोकरी गेली समज. तू भाकरी थापत सगळं ऐकून घेतलंस आणि पुढची भाकरी तव्यावर टाकलीस. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. गुरुवारी आपल्या घरी बायकांची प्रार्थना, मी आतल्या खोलीत, आणि बाहेर तुझा तो खणखणीत आवाज: "माझ्या ल्योकाला बसचं भ्या वाटतंय. त्येच्यासाठी इनंती करा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. तू कपबशा गोळा करत होतीस.

"पाय मोडला असता तर सांगितलं असतंस की न्हाय? मग ह्येची कसली लाज? आरं, मरनाच्या आदल्या राती प्रभूला बागंत घाम फुटला, तवा त्येनंबी तिघा शिष्यांना संगं न्हेलतं. आनि तू कोन लागून गेलास एकटा जानारा?"

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्या प्रार्थनेतलीच शेजारची मावशी हजर, हातात शेंगांची पुडी. "चल की, बस भरतीया," म्हणत तिने मला आत ढकललं. शिरोली नाका यायच्या आत बाई घोरायला लागली! मी घामाघूम, आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर. हलता येईना, म्हणून उतरताही येईना. तसाच शाळेत पोचलो. संध्याकाळी तक्रार केली तर तू पोट धरून हसलीस. "प्रभूसंगं बागंत गेलेली ती तिघंबी झोपलीच हुती की!"

नाताळापर्यंत मावशी येत राहिली. नोकरी टिकली, भीती मात्र गेली नाही. पुढे काही वर्षांनी, तुझ्या शेवटच्या आजारात, तू विचारलंस, "साक्ष कवा देनार?" मी तेच उत्तर दिलं. तू नुसता माझा हात धरून ठेवलास. फार आठवतो तो हात.

परवा मंडळीला म्हणालो, भीती अजून आहे. देवाने ती काढून घेतली नाही, शेजारी माणूस बसवलं. मागच्या बाकावर मावशी, आता पार थकलेली, झोपली होती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं तुला सांगतो. त्या सकाळी चर्चला येतानाही एक बस मी सोडली. दुसरीत बसलो, आणि खिडकीकडची जागा तुझ्यासाठी ठेवली.